‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ हे वाक्य मी आता लिहिणार नाही



पोस्ट मोठी आहे, पण थंडी पडलीय, लग्नसराई सुरू आहे, ऊसतोड जोरात आहे आणि ३१ डिसेंबर तोंडावर आलाय. म्हणून आजच लिहितोय. यातलं काही आपल्याच गावच्या पोरांना लागेल, काही मला स्वतःलाही लागतंय.

दर हिवाळ्यात एक बातमी मी लिहितो. इतक्या वेळा लिहिलीय की पाठ झालीय. ‘नगर-मनमाड महामार्गावर पहाटेच्या सुमारास भरधाव कारने उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून जोराची धडक दिली. चालकाचे नियंत्रण सुटल्याने हा अपघात झाल्याचे समजते.’ पुढे नावं, गावं, रुग्णालय. झाली बातमी.

आता खरं सांगतो. ‘भरधाव’ हा शब्द मी लिहितो तेव्हा गाडी किती वेगात होती हे मला माहीत नसतं. गाडीचा चेंदामेंदा झालाय म्हणजे भरधावच असणार, असा आपला हिशेब. आणि ‘नियंत्रण सुटल्याने’ असं लिहिलं की सगळं त्या एका माणसावर ढकलून बाकीचे सगळे मोकळे. ट्रॉलीला रेडियम होतं का? गाडी कोणाची होती? भाड्याची होती का? किती वाजता परत द्यायची होती? यातलं एकही मी कधी विचारलं नाही.

हे सुचलं कधी? जेव्हा माझंच नियंत्रण सुटता सुटता राहिलं तेव्हा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाशिकला नात्यातलं लग्न होतं. माझी गाडी गॅरेजला. म्हणून ओळखीतल्या एका पोराकडून २४ तासांच्या भाड्याने गाडी घेतली. सकाळी सातला घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत. उशीर झाला तर तासाप्रमाणे जादा पैसे. किल्ली हातात दिली, आधारकार्डाचा फोटो काढला, गाडीवर आधीच असलेले ओरखडे मोबाइलमध्ये टिपून घेतले आणि म्हणाला, “दादा, डिझेल भरून द्या तेवढं.” बस. दोन मिनिटांत व्यवहार संपला.

लग्न, हळद, जेवणावळी करून रात्री बारा-साडेबाराला पाठ टेकली. पहाटे तीनला उठून निघालो, कारण सातचा काटा डोक्यात. सिन्नर, शिर्डी, राहाता असं करत बाभळेश्वर सोडलं तेव्हा उजाडायला आलं होतं. तिथपर्यंत आकाश निरभ्र, चांदण्या दिसत होत्या. कोल्हारकडे उतरताना एकदम कापूस भरल्यासारखं धुकं. त्यात काच आतून धुरकटली. मागे दोघं झोपलेले, शेजारी बायको, काचा बंद. मी रुमालाने पुसतोय, परत धुरकटतेय. काचेवर हवा सोडायचं बटण कुठलं, ते अंधारात सापडेना. स्वतःच्या गाडीत हात आपोआप जातो, इथे इंडिकेटर लावायला गेलो तर वायपर सुरू झाला.

तेवढ्यात बायको ओरडली, “अहो, पुढं दगड!”

रस्त्यावर चार दगड ठेवलेले. त्यांच्या पुढे पंक्चर झालेली उसाची ट्रॉली. दिवा नाही, रेडियम नाही, माणूसही नाही. मी गाडी कशी बाजूला घेतली ते आजही सांगता येणार नाही. उसाचं पाचट काचेला घासून गेलं, तो आवाज अजून कानात आहे.

गाडी परत द्यायला आठ वाजले. पोरगा म्हणाला, “दादा, एक तास लेट झाला.” मी जादा पैसे दिले आणि घरी आलो. त्याला काही बोललो नाही. पेपरलाही काही दिलं नाही. मेलो असतो तर मात्र बातमी नक्की झाली असती, आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’.

आपल्याकडचं धुकं वेगळं आहे

बाहेरून येणाऱ्याला हे माहीत नसतं, आपल्याला माहीत असून आपण सांगत नाही. आपला भाग प्रवरेकाठचा. भंडारदऱ्याचं पाणी, डावा-उजवा कालवा, चाऱ्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजवलेला ऊस. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन लवकर गार होते, आणि या ओलाव्याचं जमिनीलगत धुकं धरतं. ते सगळीकडे सारखं नसतं, पट्ट्यापट्ट्याने असतं. गुह्याला लख्ख असतं आणि कोल्हार खुर्द ओलांडून पुलावर आलं की पुढची गाडी दिसत नाही. आणि उजाडलं म्हणजे विरळ होतं असंही नाही, बऱ्याचदा सूर्य उगवायच्या वेळेलाच ते जास्त दाट होतं.

बरोबर त्याच वेळी रस्त्यावर ऊस असतो. लोणीजवळ प्रवरानगर, राहुरी, श्रीरामपूर, गणेशनगर, कोपरगाव, संगमनेर. आपल्या चहूबाजूंना साखर कारखान्यांचा पट्टा आहे. सहकारी साखर कारखानदारी इथेच जन्मली, त्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण हंगामात रात्री फडात गाडी भरायची आणि काट्यावर लवकर नंबर लागावा म्हणून पहाटे निघायचं, हा क्रम वर्षानुवर्षांचा आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागून वाढं लोंबतंय, त्याखाली दिवा असला तरी झाकलेला. बैलगाडीला तर तेवढंही नाही.

आणि त्याच रस्त्याने येतात भाड्याच्या गाड्या. शिर्डी करून शनिशिंगणापूरला निघालेला भाविक बाभळेश्वर-कोल्हार-राहुरी असाच जातो. कोणी काकडीच्या विमानतळावर उतरून गाडी घेतलेला, ज्याने आयुष्यात उसाची ट्रॉली पाहिलेली नाही. कोणी समृद्धी महामार्गावरून १२० च्या वेगाने आलेला. दोन-तीन तास त्या वेगाची सवय झाली की आपल्या रस्त्यावरचं ७० सुद्धा सावकाश वाटतं. डोळा फसतो. रस्ता तर कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. खड्डा चुकवायला गाडी कुठे वळेल याचा नेम नाही.

१३ जानेवारी २०२३ ची सकाळ आठवतेय ना? सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथऱ्याजवळ साईभक्तांची भाड्याची खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली. किमान १० जण गेले. त्या अपघाताची कारणं वेगळी असतील, मी त्यात पडत नाही. पण हिवाळा, पहाटेचा प्रवास, भाड्याचं वाहन आणि देवदर्शनाची घाई, हे सगळं एकत्र येणं आपल्या भागाला नवीन नाही.

थोडा हिशेब करू

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. म्हणजे जवळजवळ ७० मीटर. धुक्यात दिसतं किती? कधी ३० मीटर. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच अपघात ठरलेला असतो, चालक कितीही तरबेज असो.

हेच ४० च्या वेगाला एकूण २५-२६ मीटर लागतात. गाडी थांबते. दव पडून रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील, तर त्याहून कमी वेग हवा. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

१) निघण्याआधी गाडी उभी असतानाच दहा मिनिटं आत बसा. दिवे, डिपर, वायपर, हॉर्न, काचेवर हवा सोडायचं बटण, चारही इंडिकेटरचं बटण. सगळं एकदा हाताने लावून बघा. ब्रेक किती दाबल्यावर लागतो, क्लच कुठे सुटतो, हे गावातल्या गावात एक चक्कर मारून बघा.

२) काच आतून धुरकटली तर रुमाल नको. हवा काचेकडे वळवा, बाहेरची हवा आत घ्या आणि एसी लावा. थंडीत एसी कशाला, असं सगळे म्हणतात. पण एसी हवेतला ओलावा काढून घेतो, काच मिनिटभरात साफ होते. सोबत हीटर लावला तर गारही वाजत नाही.

३) धुक्यात अप्पर लावू नका. तो उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. डिपर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा. नुसत्या पार्किंग लाइटवर चालवू नका. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, कारण मग तुम्ही वळताय की उभे आहात हे मागच्याला कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी.

४) टायरची हवा पहाटे गार असताना तपासा. दुपारच्या ३२ अंशांत भरलेली हवा पहाटे १० अंशांत साधारण ४ पॉइंटने उतरलेली असते. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर पाहिजे. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला झिजला असेल तर सरळ ‘ही गाडी नको’ म्हणा. पैसे तुम्ही मोजताय.

५) धुकं दाट झालं तर थांबा. रस्त्याच्या कडेला नाही, पेट्रोल पंपावर, हॉटेलवर, गावात. चहा घ्या, दर्शनाला तास उशीर झाला तरी देव काही रागावत नाही. दिसत नसेल तेव्हा विमानसुद्धा उतरवत नाहीत. त्या वैमानिकाला कोणी भित्रा म्हणतं का?

६) आणि दारू. ३१ तारखेसाठी वेगळं सांगायला हवं का? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांचा दंड, किंवा दोन्ही. रात्रीची पहाटेपर्यंत पूर्ण उतरते, हाही गैरसमज आहे.

गाडी भाड्याने देणाऱ्या माझ्या भावांनो

आता तुमच्याकडे येतो. राग मानू नका. तुमच्यातल्या अनेकांना मी लहानपणापासून ओळखतो. नोकरी नाही, शेतीत भागत नाही, म्हणून कर्ज काढून एक एर्टिगा घेतली आणि भाड्याने लावली. यात चोरी नाही. पण पाटी पांढरी आहे.

पांढरी पाटी खासगी वापराची. चालकासह भाड्याच्या गाडीची पिवळी पाटी, काळी अक्षरं. आणि भाड्याने घेणाऱ्याने स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी, त्यावर पिवळी अक्षरं. या तिसऱ्या प्रकारासाठी १९८९ ची केंद्राची योजना आहे, आणि तिच्यात परवाना मागायचा तर किमान ५० गाड्या लागतात. एक एर्टिगावाला ५० गाड्या कुठून आणणार? ही अट गावाकडच्या पोराला कायद्याबाहेर ढकलते, हे माझं स्पष्ट मत आहे. छोट्या तालुक्यात पाच-दहा जणांनी एकत्र येऊन परवाना घेता यावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. मी ती लावून धरेन.

पण तोपर्यंत काय होतं ते समजून घ्या. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्याने दिली होती हे उघड झालं, की गाडीचं नुकसान तुमच्या अंगावर. समोरच्याचा जीव गेला तर अनेक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतं. म्हणजे ती वसुली तुमच्या घरापर्यंत येते. दिवसाच्या दोन-अडीच हजारांसाठी केवढी जोखीम!

याहून महत्त्वाचं पुढे आहे. तुमचा २४ तासांचा काटा.

सकाळी सहा-सातला गाडी परत घ्यायची म्हटल्यावर माणूस पहाटे तीनला निघणार. झोपेत, थंडीत, धुक्यात, उसाच्या गर्दीत. वरून प्रत्येक तासाला जादा पैसे. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वेळी सगळ्यात जोरात गाडी चालवायला आपणच त्याला भाग पाडतो. हे कोणाच्या मनात नसतं, मला माहीत आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने सातला आणली तर दुसऱ्याला आठला देता येते, असा साधा धंद्याचा विचार असतो. पण परिणाम तोच होतो.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने गाडी द्यायची-घ्यायची वेळ सकाळी ११ करा. सगळ्यांनी मिळून केली तर कोणाचाच धंदा बुडत नाही. आणि धुक्यामुळे थांबलो म्हणून कोणी फोन केला तर त्या तासाचे पैसे घेऊ नका. दोन-तीनशे रुपयांनी तुम्ही गरीब होणार नाही, पण गाडी शाबूत येईल, माणूसही येईल.

किल्ली देताना ओरखड्यांचे फोटो काढता ना? तसंच दहा मिनिटं बटणं दाखवा, आणि बाहेरगावचा असेल तर एवढं सांगा, “दादा, पहाटे नदीच्या पट्ट्यात धुकं असतं, उसाच्या गाड्या बिनादिव्याच्या असतात. सूर्य वर आल्याशिवाय निघू नका.” एवढंच. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर इथलाच आहे.

परदेशात काय करतात बघा. आपल्या भागातली बरीच पोरं आता जर्मनीत, कॅनडात आहेत. तिकडे थंडीत रस्त्यावर बर्फ असतो. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत, भाड्याच्या गाड्यांनाही. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर तसे टायर नसतील तर चालकाबरोबर गाडीच्या मालकालाही दंड होतो. आपल्याकडे बर्फ नाही, त्या टायरांची गरजही नाही. पण गाडी दिली म्हणजे जबाबदारी संपली नाही, हा त्यामागचा विचार आपल्यालाही घेता येतो.

आणि ऊस

मला आधीच माहीत आहे, खाली लिहिलं जाईल, ‘पत्रकार साहेब, गरीब ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागू नका.’ नाही लागत. त्याचा ट्रॅक्टर हप्त्यावर, तोडणीवाल्यांना दिलेली उचल डोक्यावर, खेपा झाल्या तर पैसे. रात्रभर जागून तो पहाटे निघतो. मागून गाडी घुसली तर ट्रॉलीवर किंवा तिच्याजवळ असलेला त्याचाच माणूस आधी जातो. रेडियम ही त्याचीही ढाल आहे.

म्हणून मागणी कारखान्यांकडे आहे, सगळ्याच कारखान्यांकडे, एकाचं नाव घेऊन नाही. हंगाम सुरू झाला की पोलिस आणि आरटीओ येतात, पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतो, ती बातमीही मीच देतो. पंधरा दिवसांत चिखलाने, पाचटाने ती पट्टी दिसेनाशी होते. त्यापेक्षा काट्यावरच नियम करा. गाडी रिकामी होऊन बाहेर पडताना मागचं रेडियम पुसलेलं आणि दिवा चालू असल्याशिवाय पुढची खेप नाही. एक माणूस, एक फडकं आणि रेडियमचा एक रोल, एवढाच खर्च. भरलेल्या गाडीच्या मागे लोंबणाऱ्या वाढ्यावर एक लाल चमकणारं कापड बांधलं, तरी दुरून दिसतं.

आणि पंक्चर ट्रॉलीमागे दगड ठेवायची सवय आता सोडू या. दगडाला उजेड नसतो. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी एखादा दुचाकीवाला त्यावर पडतो. चमकणारा त्रिकोण फार महाग नाही. ट्रॉलीच्या बरीच मागे, निदान ५० पावलांवर ठेवा.

शेवटी माझं स्वतःचं

सगळ्यांना सांगून झालं, आता माझ्याकडून काय? यापुढे अशा अपघाताची बातमी लिहिताना ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ हे वाक्य मी लिहिणार नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारेन आणि उत्तरं छापेन. किती अंतरावरचं दिसत होतं? ट्रॉलीला रेडियम आणि दिवा होता का? गाडीची पाटी कोणत्या रंगाची होती? आणि गाडी किती वाजता परत द्यायची होती? उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं लिहीन.

यात काही जण माझ्यावर नाराज होतील. गाव छोटं आहे, रोज समोरासमोर यायचं आहे. चालेल. दर हिवाळ्यात कोणाच्या तरी घरी जाऊन बापाकडे फोटो मागायचा, ‘पासपोर्ट साइज नसला तरी चालेल’ म्हणायचं, त्यापेक्षा ही नाराजी परवडली.

कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, राहुरी भागातले गाडीवाले ही पोस्ट वाचत असाल तर सकाळी ११ ची वेळ तुम्हाला जमेल का, ते खाली लिहा. नसेल जमत तर का नाही, तेही लिहा. आणि तुमच्या घरी बाहेरगावहून कोणी पाहुणा भाड्याच्या गाडीने येणार असेल, तर त्याला आजच फोन करून एवढंच सांगा, पहाटे निघू नको, ऊन पडल्यावर ये.